पाचव्या दिवशीची कॉफी

अम्मान, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय फिद्दा आत्या,

सलाम. हे पत्र बसचा ड्रायव्हर अवाद हातात आणून देईल. फोनच करणार होतो, पण आपल्या उम्म सिद्रात फोन आहे तो किराणा दुकानात. मी हॅलो म्हणायच्या आत निम्मं गाव माझा आवाज ऐकून 'बारीक झालाय का रे' विचारतं. म्हणून पत्र. मास्तरांना म्हणावं, सावकाश वाचून दाखवा.

बातमी मोठी आहे. माझ्या ऑफिसला पहिल्यांदाच भरभक्कम मंडळी मिळाली आहेत. बेल्जियमची नऊ माणसं, 'अवशेषमित्र मंडळ' म्हणतात स्वतःला. १८ एप्रिलला उतरणार, सात दिवस राहणार, आणि सातही दिवस त्यांना फक्त वाळू आणि पडके दगड बघायचेत. पहिला दिवस पेत्रा. दुसरा दिवसही पेत्राच, कारण पहिल्या दिवशी चढून चढून सगळे झोपतात. तिसरा वादी रम. चौथ्या दिवशी तुमच्याकडे आणतो, ते तीन दिवस आपल्या कस्राच्या, त्या जुन्या किल्ल्याच्या, अवशेषांतच. सातव्या दिवशी मृत समुद्रावर नेऊन चिखल फासतो आणि विमानात बसवतो.

आता तुझ्याकडे काम. ह्या लोकांना अस्सल वाळवंट हवंय, तेव्हा तुझा बकरीच्या केसांचा काळा तंबू काढ. सिमेंटचं घर दिसेल असं उभं राहू नका. डिश अँटेना झाकून टाका. कस्राच्या दोन खांबांना तू कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहेस ती सोड. आठ उंट लागतील. पाचव्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांनी ठेवणीतल्या पुरुषी अबाया घालून, रांगेने, सूर्यास्ताच्या वेळी तंबूकडे चालत यायचं आणि कॉफी घ्यायची. सूर्यास्त सात दहाला आहे, उशीर नको. त्यानंतर पंचवीस मिनिटं शांतता. शांतता कार्यक्रमात छापली आहे, त्यामुळे तेवढा वेळ बकऱ्यांना दूर ठेव.

तुझा,
नवाफ


उम्म सिद्रा, १५ फेब्रुवारी

नवाफ बाळा,

तुलाही सलाम. अकरा वर्षांत चार पत्रं आली तुझी, त्यातलं हे सगळ्यात लांब. काम असल्यावर माणूस किती बोलतो बघ.

तंबू आहे. माझ्या हातचा आहे, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय तो शिवून घेते. अँटेनावर गोणपाट टाकू, पण सालेमच्या घरात मालिका चालू आहे, त्याची बायको तीन दिवस गोणपाट राहू देईल असं मला वाटत नाही. दोरी सोडणार नाही. त्या खांबांनी दोन हजार वर्षांत कोणकोणती फौज बघितली असेल, माझे झगे बघून ते काही लाजायचे नाहीत.

आठ उंट कुठून आणू रे? गावात उंट एक. तो दुगैमकाकांच्या पुतण्याचा. एका डोळ्याने आंधळा आहे, चावतो, आणि लांब जायचं असलं की पिकअपमध्ये बसून जातो. चालायची त्याची सवय सुटली. चालेल का तुझ्या अवशेषमित्रांना?

आणि कॉफीचं नीट सांग. कुठली कॉफी? आपल्यात नुसती प्यायची कॉफी असते आणि मागणं असलेली असते. तुझ्या आईला मागायला गेलो तेव्हा दुगैमकाकांनी कप खाली ठेवला होता. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी ठेवले. तुझे आजोबा, आईचे वडील, असे हट्टी की कॉफी गार होऊन वर साय धरायची वेळ आली. शेवटी म्हणाले, 'प्या, दिली मुलगी.' तेव्हा प्यायले सगळे. गारढोण. तसली करायची आहे का तमाशाला?

बकऱ्या गप्प बसत नाहीत. एकशेचाळीस आहेत, एकीचंही तुझ्या कार्यक्रमात नाव नाही म्हणून ओरडतील.

फिद्दा


अम्मान, १ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून ऑफिसात सगळे हसले. मास्तर तुझं बोलणं जसंच्या तसं उतरवतात, त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

कॉफी नुसती प्यायची, आत्या! फोटोपुरती. मागणं-बिगणं काही नको. उंट एक पुरेल, त्याला आंधळ्या बाजूने उभा करू नका म्हणजे झालं. दोरी राहू दे, पण लाल झगा तरी त्या दिवशी नको.

एक महत्त्वाचं. पाहुण्यांना शेख लागतो. शेखाशिवाय तंबू म्हणजे नुसतं कापड. मी त्यांना लिहिलंय की मी शेखाच्या घराण्यातला आहे, आणि हे काही अगदीच खोटं नाही, आजोबा तीन वर्षं पंच होते. तर पाचव्या दिवशी मधल्या खांबापाशी मी बसणार. दुगैमकाकांनी मला 'शेख नवाफ' म्हणावं. एकदाच म्हटलं तरी चालेल.

सोबत एक कागद आहे. पाहुण्यांच्या विम्याचा आहे, काही विशेष नाही. खाली अंगठा उमटव आणि अवादबरोबर परत पाठव.

तुझा,
नवाफ

(बंद पाकिटात वेगळी चिठ्ठी)

मास्तर साहेब,

नमस्कार. ही चिठ्ठी तुमच्यापुरती. बाईंना वाचून दाखवू नका.

सोबतचा कागद विम्याचा नाही. त्या नऊ जणांत देल्वो म्हणून एक साहेब आहेत. ते दगड बघायला येत नाहीत, जागा मोजायला येतात. त्यांची कंपनी कस्राच्या मागच्या उतारावर छावणी बांधणार आहे, चाळीस तंबू, प्रत्येकात न्हाणीघर. पाण्यासाठी त्यांना आमच्या घराण्याचा खडकातला हौद हवाय. घराण्याची लेखी संमती लागते: एक माझी सही, एक आत्याचा अंगठा. बकऱ्यांची सोय दुसरीकडे करू, कुठे ते बघू. मला व्यवस्थापक नेमतील. आत्याला आत्ता सांगितलं तर ती आकाशपाताळ एक करेल. तुम्ही फक्त अंगठा घ्या. मी तुम्हाला विसरणार नाही.

नवाफ


उम्म सिद्रा, ९ मार्च

नवाफ,

पाकीट पोचलं. त्यातलं सगळं पोचलं. चिठ्ठीबद्दल मास्तरांचं काही म्हणणं नाही.

कागद माझ्याजवळ आहे. आत्ता अंगठा देत नाही, शाईची डबी वाळलीय आणि बोटांना ताकाचा वास आहे. सध्या रोज घुसळण चालू आहे. तू स्वतः येशील तेव्हा पाहू, एवढी काय घाई आहे? विमा पाहुणे आल्यावर लागतो ना?

हिवाळ्यात पाऊस बरा झाला, हौद कठड्यापासून दोन हात खाली आहे. सरकारी नळ आठवड्यातून एकदा येतो, उन्हाळ्यात तोही रुसतो. हौद नसता तर एकशेचाळीस जिवांना घेऊन मी कुठे गेले असते, हे अल्लाहलाच ठाऊक. तुला आठवतं की नाही कोण जाणे. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्याच पाण्याने मी तुला आंघोळ घालायची आणि तू थंडीने शिव्या द्यायचास. मला म्हणायचास, हौदात भूत आहे. मग पाणी तळाला गेलं की मी तुझ्यादेखत आत उतरायची, तळाशी बसून तुझं नाव घेऊन हाका मारायची.

असो. तुझ्या कार्यक्रमाबद्दल विचारायचं होतं. गावातले म्हातारे कटकटे आहेत, त्यांना सगळं पक्कं लागतं. तंबू माझा, पण पाचव्या दिवशी तो कुणाच्या नावाचा? यजमान कोण? कॉफी कोण ओतणार? दुगैमकाका म्हणतात लिहून आणा, नाहीतर आम्ही अबाया बाहेर काढणार नाही. आणि पाहुण्यांना काही रीतभात सांगितली आहेस का, की कपात सिगरेटची राख टाकतील?

फिद्दा


अम्मान, २० मार्च

प्रिय आत्या,

जुन्या गोष्टी काढून रडवतेस उगाच.

दुगैमकाकांना सांग, हे घ्या लेखी. पाचव्या दिवशी तंबू माझा. यजमान मी. कॉफी माझ्या हातून. कार्यक्रमात तसंच छापलंय, तीन भाषांत, वर माझा अबायातला फोटो आहे. अबाया भाड्याची आहे पण ते फोटोत कळत नाही.

पाहुण्यांना रीतभात सांगितली आहे. बेल्जियमची माणसं फार शिस्तीची. त्यांच्या कागदावर मी ठळक लिहिलंय: कॉफीच्या वेळी बोलू नये, हसू नये, गावचे ज्येष्ठ जे करतील तेच करावं. ते अगदी तसंच वागतील बघ. देल्वो साहेबांनी तर पत्र पाठवून विचारलं, कप उजव्या हातात धरायचा की डाव्या? इतका आदर करणारी माणसं आहेत.

कागद जपून ठेव, आल्यावर बघू.

तुझा,
शेख नवाफ (आत्तापासून सवय करतोय)


उम्म सिद्रा, १२ एप्रिल

नवाफ,

तुझं लेखी सगळ्यांनी वाचलं. दुगैमकाकांनी दोनदा वाचायला लावलं, मग घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, आता काळजी नाही.

तंबू ठोकलाय. उंदराचा कोपरा शिवलाय. आठ म्हातारे नक्की येतात. मीही येईन, मागे बसेन. बाईमाणूस म्हणून तुझ्या फोटोत नको असले तर आत्ता सांग, नंतर नको.

फिद्दा


अम्मान, २७ एप्रिल

फिद्दा आत्या,

प्रिय लिहायला हात धजत नाही.

पाच दिवस झाले, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला नऊ परदेशी माणसांसमोर उघडं पाडलंत. मी काय तुमचा शत्रू होतो का गं?

म्हातारे रांगेने आले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! सात दहा म्हणजे सात दहा. सूर्य मागे, अबाया पुढे, अवशेषमित्र फोटो काढून काढून वेडे झाले. दुगैमकाका आत आले आणि म्हणाले, 'शेख नवाफ.' दोनदा म्हणाले. मी मनात म्हटलं, बघ, प्रेम असतंच. मी स्वतः कॉफी ओतली. त्यांनी कप घेतला. आणि खाली ठेवला.

मला रीत माहीत नाही असं नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं काकांचा हात कापतोय, वय झालंय. मग दुसऱ्याने ठेवला. तिसऱ्याने ठेवला. आठही कप खाली, मागे तुझा नववा. आणि त्यानंतर ते नऊ बेल्जियन! एकमेकांकडे बघून, मान डोलावून, सगळ्यांनी आपापले कप एका ओळीत खाली ठेवले. देल्वो साहेबांनी तर ठेवून डोळेसुद्धा मिटले. कारण कागदावर कुणी लिहिलं होतं, ज्येष्ठ जे करतील तेच करावं? मी लिहिलं होतं! अठरा कप, आत्या. अठरा कपांची वाफ माझ्या तोंडावर आणि मी मधल्या खांबापाशी.

सगळं गाव बाहेर उभं. काका म्हणाले, 'शेख नवाफ, तुझ्या तंबूत मागणं घेऊन आलो आहोत. हौदाला हात लावायचा नाही. तुझी सही नाही, फिद्दाचा अंगठा नाही, कधीच नाही.' अवादने पुढे होऊन देल्वो साहेबांना मोडक्या फ्रेंचमध्ये भाषांतर करून सांगितलं. वर म्हणाला, 'तुम्हीही हेच मागितलंत, साहेब. तुमचा कप खाली आहे.' देल्वो साहेब आधी कपाकडे बघत बसले, मग माझ्याकडे.

मी काय करणार होतो? उठून जायचं? माझ्याच तंबूतून? त्या पंचवीस मिनिटांत एक बकरी ओरडली नाही, आत्या. एक नाही. शांतता कार्यक्रमात छापली होती ना! कॉफी गार झाली. माझ्या आईचे वडील मला दिसायला लागले. शेवटी म्हणालो, 'प्या.'

देल्वो साहेब सहाव्या दिवशी कुठेही मोजायला गेले नाहीत, उंटावर बसून फोटो काढला आणि चावून घेतलं. कंपनीने परवा कळवलं, स्थानिकांची संमती नसेल तर त्यांना रस नाही. व्यवस्थापकाची जागा गेली.

मास्तरांना सांग, विश्वासाने चिठ्ठी लिहिली होती. असा दगा अपेक्षित नव्हता.

आणि आणखी एक, हे लिहितानाही लाज वाटते. अवशेषमित्रांचं पत्र आलंय. सातही दिवसांत पाचवा दिवस सर्वांत अस्सल होता म्हणतात. पेत्राला त्यांनी दहापैकी सात दिलेत, मला दहा. पुढच्या वर्षी चोवीस जण येणार आणि त्यांना हुबेहूब तोच कार्यक्रम हवा. हसू नकोस.

नवाफ


उम्म सिद्रा, ५ मे

नवाफ बाळा,

हसले. दुगैमकाकांना वाचून दाखवलं, त्यांना हसून हसून खोकला लागला, पाठ चोळावी लागली.

आता नीट ऐक. मास्तरांना बोल लावू नकोस. मास्तरांची दोन वर्षांपूर्वी करकला बदली झाली, तेव्हापासून शाळेला कुलूप आहे. जायच्या आधी त्यांनी गावातल्या बायकांचा वर्ग घेतला होता. अकरा जणी बसायचो. मी सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत वाईट अक्षराची. तुला गेली दोन वर्षं जी पत्रं येतात ती मी लिहिते. ह्या हाताने. तू कधी विचारलंच नाहीस. चिठ्ठीबद्दल मास्तरांचं काही म्हणणं नाही, असं मी कळवलं होतं, ते अगदी खरं होतं.

तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, नीट लागली नसेल, अक्षरं जोडून वाचते ना मी. दुसऱ्यांदा रडले. हो, रडले, लपवत नाही. हौद गेला तर बकऱ्या जातील, बकऱ्या गेल्या तर मी गावात कुणाच्या दारात बसू, हा हिशेब माझा मला आला होता. पण त्याचं नाही रडू आलं. तू लिहिलंस, 'तुम्ही फक्त अंगठा घ्या.' तुला ज्या हातांनी वाढवलं त्यातला तुला एक अंगठाच लागला, नवाफ.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर दुगैमकाकांकडे गेले. त्यांचं मत होतं की अम्मानला येऊन तुझ्या ऑफिसात चपलेने मारावं. मी म्हटलं, नको, पोराने स्वतः तंबू मागितलाय, स्वतः रांग मागितली, स्वतः यजमान व्हायचंय. आपण त्याचा कार्यक्रम त्याच्या मनासारखा करू. म्हणून तुझ्याकडून लिहून घेतलं. बकऱ्यांना मी त्या दिवशी पार पलीकडच्या खोऱ्यात पाठवलं होतं. सांगितलेलं एक काम तरी तुझं चोख केलं.

तू 'प्या' म्हणालास तेव्हा मात्र मी तुझ्याकडे बघितलं. तू उठून जाऊ शकला असतास. कंपनीची गाडी बाहेरच उभी होती, आणि देल्वो साहेबांसमोर आमच्या मागण्याला नाही म्हणालास तरी तुझं फार काही बिघडलं नसतं. तू बसलास. गार कॉफीसमोर बसलास. बाहेर बायका म्हणाल्या, फिद्दाने वाढवलंय त्याला. मला बरं वाटलं ते.

तुझा कागद परत पाठवते. खाली अंगठ्याची जागा आहे तिथे मी सही केली आहे. वर 'संमती नाही' लिहिलंय, 'संमती' लिहिताना दोनदा चुकून खोडलंय, पण वाचता येतं. माझी पहिली सही आहे कागदावरची, फाडू नकोस.

पुढच्या वर्षी चोवीस जणांना खुशाल घेऊन ये. तंबू ठोकून ठेवू, मधला खांब तुझा. पण चोवीसांसमोर मागायचं काय ते आम्ही आत्तापासून ठरवलंय. शाळेला मास्तर हवाय. अम्मानच्या कचेऱ्यांत तुझ्या ओळखी आहेत, उगाच मागाहून ऐनवेळी घाम फुटायला नको म्हणून आधी कळवते.

त्याच्या आधीही ये. ह्या वेळी शेख म्हणून नको, पाहुणा म्हणून ये. भाड्याची अबाया आणू नकोस. पाहुण्याला तीन दिवस 'का आलास' विचारायचं नसतं, मीही विचारणार नाही. खा, झोप, सालेमच्या घरी मालिका बघ. चौथ्या दिवशी पहाटे उठवीन. हौद आतून घासायचा आहे, आणि मला आता तळापर्यंत उतरवत नाही.

तुझी,
फिद्दा बिन्त रकान
(स्वतःच्या हाताने)